गळाची काठी निवडताना: मरळ, रोहू, खडस आणि बाकीचे

गळाने मासे धरण्याचा छंद नव्याने लागलेला माणूस दुकानात शिरतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘चांगला रॉड कोणता?’ असा असतो, आणि दुकानदाराकडे त्याचे उत्तर तयार असते: जो शिल्लक आहे तो. हा प्रश्न उलट्या टोकाने सुरू करायला हवा. कोणता मासा धरायचा आहे, तो कोणत्या पाण्यात आहे, त्याला काय खायला घालणार आहोत आणि ते आमिष शिशासकट किती ग्रॅम भरते, एवढे ठरले की काठीची निवड जवळजवळ आपोआप होते. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत कमी लोक विचारतात आणि काठ्या मोडतात त्या बहुतेक त्यामुळेच.

काठीच्या मुठीच्या वर, चार-पाच बोटांच्या अंतरावर, बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते. माझ्यासमोर आत्ता असलेल्या काठीवर लांबी ७ फूट, मीडियम हेवी, फास्ट, दोरा १० ते २० पौंड आणि आमिष पाव ते पाऊण औंस अशी नोंद आहे. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम आणि एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. म्हणजे ही काठी ७ ते २१ ग्रॅमचे आमिष नीट फेकते आणि साडेचार ते नऊ किलोच्या ताणाला तुटणाऱ्या दोऱ्यासाठी बनवलेली आहे. नऊ किलोपेक्षा मोठा मासा हिच्यावर येणार नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. पाण्यातला मासा उचलायचा नसतो, दमवायचा असतो, आणि ते काम रिळाचा ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की दोरा सुटू देणारा ब्रेक, करतो. दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढा ताण पडला की दोरा सुटू लागावा, अशा बेताने ड्रॅग लावून ठेवला म्हणजे काठी, दोरा आणि गळ तिन्ही वाचतात.

त्या ओळीतल्या दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. ‘मीडियम हेवी’ ही काठीची ताकद, म्हणजे ती वाकवायला किती जोर लागतो ते. ‘फास्ट’ हे तिचे वाकण्याचे वळण, म्हणजे ती कुठे वाकते ते. फास्ट काठी शेंड्याकडच्या पाव-तिसऱ्या भागातच वाकते, मॉडरेट काठी जवळजवळ मध्यापर्यंत वाकते आणि स्लो काठी थेट मुठीपर्यंत कमान धरते. ताकदवान पण स्लो, किंवा हलकी पण फास्ट अशाही काठ्या असतात. दुकानात शेंडा हलवून ‘कडक आहे’ असे म्हणणारा माणूस या दोन गोष्टी एकत्र करत असतो.

तिसरा फरक रिळाचा. स्पिनिंग काठीच्या, दोरा ओवायच्या, कड्या खालच्या बाजूला असतात, पहिली कडी मोठी असते आणि रीळ काठीखाली लटकते. कास्टिंग काठीच्या कड्या वर असतात, मुठीला बोट अडकवायला आकडा असतो आणि रीळ वर बसते. कास्टिंगच्या रिळावर अंगठ्याचा ताबा सुटला की दोऱ्याचा असा गुंता होतो की अख्खी सकाळ तो सोडवण्यात जाते. म्हणून पहिली काठी स्पिनिंगचीच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

आता माशांकडे वळू, आणि मरळीपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडच्या तळ्यांत, कालव्यांत आणि पाणवनस्पतींनी भरलेल्या कडांना कृत्रिम आमिषावर धावून येणारा हा सर्वांत खात्रीचा मासा आहे. मरळ वर येऊन हवेचा घोट घेते, त्यामुळे ती कुठे आहे हे पाण्यावर फुटणाऱ्या बुडबुड्यावरून कळते. ती जलपर्णीत आणि कमळाच्या पानांखाली राहते, म्हणून तिच्यासाठी गळ अंगालगत दडवलेला पोकळ रबरी बेडूक वापरतात. तो पानांवरून ओढत आणला तरी अडकत नाही. अशा बेडकाचे वजन साधारण ८ ते २० ग्रॅम असते. त्यातला गळ जाड असतो आणि मरळीचा जबडा हाडाचा असतो. तो गळ जबड्यात रुतवायला आणि लगेच माशाला वनस्पतींतून बाहेर ओढायला साडेसहा ते सात फुटांची, मीडियम हेवी, फास्ट काठी आणि ३० ते ५० पौंडांचा ब्रेडेड, म्हणजे बारीक तंतू विणून केलेला, दोरा लागतो. मऊ काठी घेतली तर हिसका मारल्यावर काठीच वाकते, गळ जागचा हलत नाही आणि मरळ बेडूक थुंकून निघून जाते. बेडकावर पाणी उसळल्याबरोबर हिसका मारण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरून, मनात दोन अंक मोजून, दोरा जड झाल्याचे हाताला कळल्यावरच काठी उचलावी. पावसाळ्यात कडेला लालसर पिल्लांचा पुंजका पाण्याला उकळी फुटल्यासारखा हलताना दिसतो आणि त्याखाली नर-मादी राखणीला असतात. तिथे बेडूक टाकला की हल्ला नक्की होतो, पण राखणदार गेला की ती पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. ती जागा सोडून पुढे जावे.

रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) यांचे गणित याच्या अगदी उलट आहे. हे मासे आमिषावर झडप घालत नाहीत, ते चोखतात. त्यांचे ओठ मांसल असतात आणि कडक काठीने हिसका दिला तर गळ ओठ फाडून बाहेर येतो. शिवाय चार-पाच किलोचा रोहू गळाला लागल्यावर जी पहिली धाव घेतो तिचा धक्का सोसायला काठीत कमान हवी. म्हणून इथे लांब आणि मध्यापर्यंत वाकणारी काठी घ्यावी. कार्पसाठी, म्हणजे या कुळातल्या माशांसाठी, बनवलेल्या काठ्यांवर ‘टेस्ट कर्व्ह’ नावाचा आकडा असतो. काठी आडवी घट्ट धरून शेंड्याला वजन टांगत गेले आणि शेंडा मुठीशी काटकोन करू लागला, की टांगलेले वजन हा तो आकडा, पौंडांत. आपल्या तलावांसाठी १० ते १२ फूट लांबीची आणि अडीच ते तीन पौंड टेस्ट कर्व्हची काठी पुरेशी असते. फेकण्याच्या वजनाचा सोपा आडाखा असा की जितके पौंड टेस्ट कर्व्ह तितके औंस वजन ती काठी आरामात फेकते; अडीच पौंडांची काठी म्हणजे साधारण ७० ग्रॅम.

आता ते विसरले जाणारे वजन. आपल्याकडे रोहू-कटल्यासाठी तारेच्या स्प्रिंगभोवती शेंगदाण्याची पेंड, भाजलेल्या चण्याचे पीठ, भाताचा कोंडा, पाव असे कालवून केलेला गोळा दाबून लावतात आणि बाजूचे छोटे गळ त्यातच खुपसतात. विकत आणलेली स्प्रिंग २०-३० ग्रॅमची असते, म्हणून माणूस समजतो की ३० ग्रॅमची काठी चालेल. ओला गोळा लावून तीच स्प्रिंग एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहावी. आकडा सहज ८० ते १०० च्या घरात जातो. १० ते ३० ग्रॅम लिहिलेल्या काठीने तो गोळा पूर्ण ताकदीने फेकला की कधी शेंडा तुटतो, तर कधी गोळा एका दिशेला आणि दोरा दुसऱ्या दिशेला जातो. काठी हलकी असेल तर गोळा लिंबाएवढा करावा. लांब फेकायचाच असेल तर काठी बदलावी.

कटला वरच्या थरात चरतो आणि त्याचे तोंड वरच्या बाजूला उघडते, तर मृगळ तळाशी चरतो. त्यामुळे कटल्यासाठी तरंगते बूच लावून आमिष अधांतरी ठेवणारे लोक लांब काठीच पसंत करतात, कारण पाण्यावर पडलेला सैल दोरा उचलून घ्यायला लांबी कामी येते.

खडस, म्हणजे दख्खनचा महासीर, हा वेगळ्याच मानाचा मासा. त्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केले, आणि लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात त्याची पैदास गेली काही दशके होत आली आहे. वाहत्या पाण्यात खडकांमध्ये तो १० ते २० ग्रॅमच्या चमच्यावर (चमच्याच्या आकाराच्या चकचकीत धातूच्या आमिषावर) किंवा छोट्या माशासारख्या आमिषावर येतो आणि लागला की प्रवाहाबरोबर खाली सुटतो. यासाठी साडेसात ते आठ फुटांची, मीडियम ते मीडियम हेवी ताकदीची, पण मॉडरेट-फास्ट वळणाची काठी घ्यावी. चमच्याला तीन टोकांचा गळ असतो. तो अगदी कडक काठीवर ओरबाडून सुटतो आणि किंचित मऊ काठीवर टिकून राहतो. खडकांवर घासून दोरा तुटू नये म्हणून काठी उंच धरावी लागते, त्यासाठी ती वाढीव लांबी. फ्लाय, म्हणजे पिसांचे कीटकासारखे हलके आमिष, टाकणाऱ्यांनी नऊ फुटांची, आठ क्रमांकाची काठी पाहावी. तिथे आमिषाला वजनच नसते, वजन दोऱ्याला असते, आणि काठीवरचा क्रमांक त्या दोऱ्याचा असतो. खडस धरला तर ओल्या हाताने सोडून द्यावा. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीसारख्या ठिकाणी, जिथे लोकांनी देवाचे मासे म्हणून ते राखले आहेत, तिथे गळ नेऊही नये.

चिलापीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गांडूळ, कणकेची गोळी, छोटे बूच आणि पाच-सहा फुटांची कुठलीही हलकी काठी पुरते; मुलांना शिकवायला याहून चांगला मासा नाही आणि कळकाची साधी काठीही चालते. रात्री तळाशी बसणाऱ्या शिंगाळ्यासाठी आणि शिवड्यासाठी मात्र आठ-नऊ फुटांची हेवी काठी लागते. तिथे नाजूकपणापेक्षा, दगडात घुसू पाहणाऱ्या माशाला रोखणे महत्त्वाचे असते, म्हणून फायबरग्लास मिसळलेली, जरा जड पण धक्के सोसणारी काठी मी कार्बनच्या काठीपेक्षा पसंत करतो.

कार्बन हलका आणि संवेदनशील असतो, पण ठिसूळही असतो. माझी पहिली चांगली काठी माशाने मोडली नाही, मी मोडली. धरणाच्या पिचिंगवर, म्हणजे दगड बसवलेल्या उतारावर, उभा होतो, खाली पाण्यात दमलेला अडीच-तीन किलोचा रोहू होता, जाळी गाडीत राहिली होती आणि मी काठी मागे खांद्यापलीकडे नेऊन त्याला दगडांवर ओढायला गेलो. काठी सरळ उभी किंवा मागे झुकली की सगळा भार शेंड्याच्या वीतभर भागावर येतो. टाळी वाजल्यासारखा आवाज झाला आणि शेंड्याचा तुकडा दोऱ्यावरून घसरत माशाकडे गेला. काठी आणि दोरा यांतला कोन काटकोनापेक्षा फारसा वाढू देऊ नये आणि जाळी माणसाजवळ असावी, हे त्या दिवशी कळले.

खरेदीच्या वेळी आपले रीळ बरोबर न्यावे आणि काठीला लावून पाहावे. काठी जोडून एका डोळ्याने मुठीकडून शेंड्याकडे पाहिले की कड्या एका रेषेत आहेत की नाही ते दिसते. कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक कडीच्या आतून फिरवावी. कापसाचा तंतू कुठे अडकला तर तिथे चीर आहे आणि ती चीर ब्रेडेड दोरा कापणार. एकात एक सरकणारी टेलिस्कोपिक काठी मोटारसायकलवर न्यायला सोयीची, पण तिचे सांधे वाळूने अडकतात. प्रवासासाठी तीन-चार तुकड्यांची काठी बरी. एकच काठी घ्यायची असेल, तर सात फुटांची, दोन तुकड्यांची, मीडियम ताकदीची, ७ ते २८ ग्रॅम लिहिलेली स्पिनिंग काठी आणि तिला २५०० किंवा ३००० मापाचे रीळ घ्यावे. मोकळ्या पाण्यातली मरळ, छोटा खडस आणि लिंबाएवढ्या गोळ्यावरचा रोहू एवढे तिच्यावर होते. दाट जलपर्णीतली मरळ होत नाही.

धरणांवर आणि तलावांवर मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे असतात, म्हणून आधी परवानगी विचारावी. आणि कार्बनमधून वीज वाहते. कालव्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली बारा फुटांची काठी कधीही उभी करू नये, आणि वळवाचे ढग गडगडू लागले की काठी जमिनीवर आडवी ठेवून तिच्यापासून दूर, गाडीत जाऊन बसावे.