खोल समुद्रातली स्पोर्टफिशिंग बोट : जुन्या कारखान्याचं नाव कसं पारखावं

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मार्लिन आणि टूना गळाला लावायला जाणारे लोक किनारा सोडून साठ-सत्तर सागरी मैल आत जातात. केप मे गावाहून विल्मिंग्टन कॅन्यन, ओशन सिटीहून बाल्टिमोर कॅन्यन, म्हणजे समुद्रतळाच्या खोल घळी. पहाटे अंधारात निघायचं, दिवसभर ट्रोलिंग करायचं, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिषं ओढायची, आणि दुपारी वारा चढला तरी त्याच बोटीतून घरी यायचं. तिथे इंजिन बंद पडलं तर ओढून न्यायला येणारी बोट पोचायलाच कित्येक तास लागतात. म्हणून हे लोक बोट घेताना व्हायकिंग, हॅटरस, बर्ट्रम या जुन्या कारखान्यांची नावं आधी विचारतात.

यात प्रतिष्ठेचा भाग आहेच, पण पैसे मोजायचे ते दुसऱ्या गोष्टीसाठी. एका साच्यातून निघालेल्या बोटी वर्षानुवर्षं समुद्रात आपटून दुरुस्तीला कारखान्यात परत येतात आणि कुठे काय तुटतं हे कारखान्याला कळत जातं. आधीच्या बोटींत आउटरिगरच्या (गळाचे दोर बाजूला दूर धरणाऱ्या लांब दांड्यांच्या) बुडाशी तडे गेले असतील, तर पुढच्या बोटींत तिथे आतून आधार वाढवलेला दिसतो. नव्या कारखान्याच्या तिसऱ्या बोटीत हा धडा तुमच्या खर्चाने शिकला जातो. जुन्या कारखान्याची वापरलेली बोट घेताना हे ज्ञान खरंच बोटीत उतरलंय का, ते कसं तपासायचं हे पुढे दिलं आहे.

नाव तेच, पण कारखाना कोणाच्या हातात होता?

हॅटरस १९५९ मध्ये विलिस स्लेन यांनी सुरू केली, तीही समुद्रापासून दूर असलेल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या हाय पॉइंट गावात. त्यांची पहिली ४१ फुटी फायबरची बोट १९६० मध्ये पाण्यात उतरली. केप हॅटरसजवळ गल्फ स्ट्रीमचा प्रवाह आणि उलटा वारा भिडला की समुद्र उभा राहतो. त्या पाण्यात लाकडी बोटींना जितके दिवस बाहेर पडता येई त्याहून जास्त दिवस पडता यावं, हा तिच्यामागचा विचार. त्याच वर्षी रिचर्ड बर्ट्रम यांनी रे हंट यांनी आखलेल्या खोल व्ही तळाच्या 'मॉपी' या बोटीने मायामी-नासाऊ शर्यत जिंकली आणि त्यातून फायबरची बर्ट्रम ३१ आली. व्हायकिंग १९६४ पासून हीली कुटुंबाकडे आहे. न्यू जर्सीत बास नदीच्या काठी न्यू ग्रेटना इथे तिचा कारखाना आहे. एडिसनच्या बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींना गार्डन स्टेट पार्कवेने दक्षिणेला जाताना हे गाव लागतं.

पुढची वाटचाल मात्र तिघींची सारखी नाही. बर्ट्रम १९९८ मध्ये इटलीच्या फेरेट्टीकडे गेली आणि २०१५ मध्ये तिथून गाव्हिओ कुटुंबाकडे. हॅटरस २००१ मध्ये ब्रन्सविककडे होती, २०१३ मध्ये पुन्हा विकली गेली आणि २०२१ पासून व्हाइट रिव्हर मरीन ग्रुपकडे आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत एक लाख डॉलरवरच्या बोटींवर १० टक्के चैनीचा कर लागला, तेव्हा ऑर्डरी आटून कितीतरी कारखाने बंद पडले. १९९३ मध्ये तो कर उठेपर्यंत हीली बंधूंनी स्वतःचा पैसा घालून व्हायकिंग चालू ठेवली. सतत एकाच हातात राहिलेल्या कारखान्यात जुने आराखडे, साचे आणि ते वापरलेली माणसं सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून पहिला प्रश्न हा : ही बोट कोणत्या वर्षी, कोणाच्या मालकीत बांधली गेली?

उत्तर बोटीवरच कोरलेलं असतं. १ नोव्हेंबर १९७२ नंतरच्या प्रत्येक अमेरिकन बोटीच्या मागच्या बाजूला, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात १२ अक्षरी हल नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) असतो. पहिली तीन अक्षरं कारखान्याची : व्हायकिंगला व्हीकेवाय, हॅटरसला एचएटी, बर्ट्रमला बीईआर. पुढची पाच अनुक्रमाची. १९८४ नंतरच्या बोटींत शेवटच्या चारांपैकी पहिलं अक्षर महिन्याचं असतं (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), नंतर वर्षाचा शेवटचा आकडा आणि मग मॉडेलचं वर्ष. म्हणजे 'एफ २०३' अशी अक्षरं असतील तर बोट जून २००२ ची आणि मॉडेल २००३ चं. हाच नंबर आत कुठेतरी लपवून दुसऱ्यांदाही टाकलेला असतो. दोन्ही जुळत नसतील तर व्यवहार तिथेच थांबवा.

नंबर मिळाला की कारखान्याच्या सर्व्हिस विभागाला फोन करा आणि नेमकं विचारा : या नंबरच्या बोटीला मुळात कोणती इंजिनं आणि कोणत्या मापाचे पंखे (प्रॉपेलर) होते, नंतर या मॉडेलमध्ये काय बदललं आणि का, इंधनाच्या टाक्या कशाच्या आहेत, शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) आणि सुकाण्याचे सुटे भाग आजही मिळतात का. फोनवर सरळ उत्तरं मिळाली तर नावाची अर्धी किंमत वसूल झाली. 'डीलरला विचारा' एवढंच ऐकू आलं तर ते नाव फक्त बोटीच्या कडेवर रंगवलेलं आहे असं समजून भाव करा.

तळाचा आकार

बर्ट्रम ३१ च्या व्ही तळाचा उतार मागेसुद्धा २४ अंशांचा आहे. समोरून येणाऱ्या लाटा ती अप्रतिम कापते, पण वेग कमी केला की हेलकावे खाते. मासेमारीचा दिवस बराचसा कमी वेगातच जातो. आजच्या मोठ्या बोटींत तळ नाळेपाशी (पुढच्या टोकाशी) धारदार आणि मागे जाता जाता बराच सपाट केलेला असतो. आमच्या मते दोन-तीन माणसांनी अधूनमधून जायचं असेल तर जुनी बर्ट्रम अजूनही उत्तम. पण दर आठवड्याला कॅन्यन गाठायचा असेल तर ५० फुटांच्या आसपासची बोट बघा.

कोरड्यात तपासणी

बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय एक पैसाही पक्का करू नका. बांधणीचा आणि इंजिनाचा सर्व्हेयर (तपासनीस) वेगवेगळा घ्या. बांधणीसाठी सॅम्स किंवा नॅम्स या सर्व्हेयरांच्या संघटनेचा असावा. तो काम करत असताना तुम्हीही सोबत राहा.

सगळ्यात जास्त वेळ मागच्या डेकवर, म्हणजे कॉकपिटमध्ये घालवा. मोठ्या माशाशी झुंजायची खुर्ची ज्या खांबावर असते त्याच्याभोवतीचा फायबर बोटाने चाचपा. खांबापासून कोळ्याच्या जाळ्यासारखे बाहेर पसरणारे तडे दिसले तर खाली उतरून टॉर्चने डेकची खालची बाजू बघा. चांगल्या कारखान्याने तिथे अ‍ॅल्युमिनियमची किंवा जाड फायबरची प्लेट बसवलेली असते आणि बोल्ट तिच्यातून आरपार गेलेले असतात. नुसते वॉशर दिसले तर ती खुर्ची नंतर कोणीतरी बसवली आहे. मग पुढचा प्रश्न ओलाव्याचा. डेकच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम असतो. बोल्टसाठी भोक पाडताना तेवढ्या भागातला गाभा काढून तिथे इपॉक्सी भरावं लागतं. ते केलं नाही तर सील सुकल्यावर पाणी बोल्टच्या कडेने आत उतरतं आणि बाल्सा कुजत पसरत जातो. प्लॅस्टिकच्या छोट्या हातोडीने हळू ठोकत भोकापासून बाहेर या. टणक आवाज बद्द झाला की तिथे ओलावा किंवा सुटलेला थर असण्याची दाट शक्यता. ओलावा मोजायचं यंत्र त्याच जागी फिरवून खात्री करा. आउटरिगरची बैठक, टॉवरचे (मासे बघायला चढायच्या उंच सांगाड्याचे) पाय, रॉड होल्डर, नंतर लावलेले अँटेना : कुजणं जवळजवळ नेहमी अशा मागाहून पाडलेल्या भोकांपासून सुरू होतं. टॉवरच्या पायाशी वेल्डिंगवर केसासारखी रेघ आहे का तेही बघा.

पंखा दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. खडखड झाली तर शाफ्टचं रबरी बेअरिंग झिजलंय. ते बदलणं महाग नाही, पण एकाच बाजूने झिजलं असेल तर इंजिन आणि शाफ्टची रेघ बिघडली आहे, आणि ते काम मोठं. सुकाणूसुद्धा असंच हलवून बघा.

टाक्यांबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. १९८० च्या आधीच्या पेट्रोलवरच्या बऱ्याच बोटींत फायबरच्या टाक्या आहेत. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या टाक्यांचं रेझिन विरघळतं आणि तो चिकट गाळ थेट इंजिनाच्या व्हॉल्व्हवर बसतो. डिझेलला हा त्रास नाही. अ‍ॅल्युमिनियमची टाकी फोममध्ये बसवलेली असेल तर तिच्या बुडाशी पाणी साचून भोकं पडतात, ती वरून दिसत नाहीत. दाबाची चाचणी मागा.

समुद्रात चाचणी

विक्रेत्याला आधीच सांगा : टाक्या किमान तीन चतुर्थांश भरलेल्या हव्यात आणि इंजिन थंड हवं. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावून बघा. कोमट लागलं तर सुरू होतानाचा त्रास लपवायला ते आधीच चालवलं असेल.

१. इंजिन गरम झालं की काही मिनिटं पूर्ण थ्रॉटल द्या. २३०० फेऱ्यांचं इंजिन २३०० ला पोचलंच पाहिजे. शंभर फेऱ्या कमी पडल्या आणि काळा धूर आला, तर पंखा जास्त पिचचा (पाती जास्त तिरकी असलेला) आहे, तळाला शेवाळ आहे किंवा टर्बोत दोष आहे. अशा ओझ्याखाली वर्षभर चाललेलं इंजिन आतून खाल्लेलं असतं.

२. ट्रोलिंगच्या वेगाने, ७ ते ९ नॉट, चालवून मागचं पाणी बघा. पंख्यांच्या पांढऱ्या फेसाच्या दोन पट्ट्यांमध्ये आणि बाहेर निळ्या पाण्याचे स्वच्छ पट्टे हवेत. आमिषं तिथेच पळवायची असतात. काही बोटी 'मासा वर आणतात' असं कॅप्टन म्हणतात. त्यामागचं कारण कोणी सिद्ध केलेलं नाही, पण वाकलेल्या पात्याची घरघर नसलेली, शांत चालणारी बोट निवडणं सगळ्याच दृष्टीने शहाणपणाचं.

३. दोन्ही इंजिनं मागे घ्या, हळूहळू वेग वाढवा. मार्लिन दोर घेऊन पळाला की बोट अशीच उलटी न्यावी लागते. कॉकपिटमध्ये पाणी येणारच. ते किती वेळात निचरतं, मागचं दार हलतं का, धूर तोंडावर येतो का ते बघा. लगेच मागची झडप (डेकमधलं झाकण) उघडून सुकाण्याच्या खोलीत पाणी शिरलंय का तपासा. झडपेचं रबर आणि तिच्या कडेची पन्हळ हा बांधणीतला सगळ्यात स्वस्त भाग आणि बुडण्याचं सगळ्यात साधं कारण.

४. मागून येणाऱ्या लाटांवर चालवा. नाळ पाण्यात रुतून बोट आडवी व्हायला बघत असेल तर बार्नेगॅट किंवा ओरेगॉन इनलेटसारख्या खाडीच्या तोंडातून परत येताना हीच खोड जिवावर बेतेल.

५. बोट लाटांना आडवी उभी करा आणि जायरो (हेलकावे कमी करणारं यंत्र) असेल तर त्याचं स्थिरीकरण बंद करायला सांगा. खरा तळ तेव्हाच कळतो.

परत आल्यावर दोन्ही इंजिनांच्या आणि गिअरच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा. तेलात सोडियम वाढलेलं असेल तर कूलंट किंवा समुद्राचं पाणी आत शिरतंय. आफ्टरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारा भाग) शेवटचा कधी उघडला याची पावती मागा. खाऱ्या पाण्याने तो आतून सडला की पाणी सरळ हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये जातं, आणि मोठी डिझेल इंजिनं मोडण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे.

इंधनाचा हिशेब

तिसऱ्याचा नियम पाळा : जायला एक तृतीयांश, यायला एक तृतीयांश, उरलेलं हात न लावता. ७० मैल जाऊन-येऊन १४० मैल. ३० नॉट वेगाला तासाला ३८० लिटर लागत असतील तर सुमारे पावणेपाच तासांत १,८०० लिटर. आठ तास ट्रोलिंगचे तासाला ४० लिटरने ३२०. बेरीज सुमारे २,१०० लिटर, म्हणजे टाकी किमान ३,१५० लिटरची हवी. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातला खर्च रिकाम्या बोटीचा असतो. चाचणीच्या वेळी इंजिनाच्या पडद्यावर दिसणारा आकडाच धरा.

अहवाल आल्यावर

बेअरिंग, रबर, पंप, वायरिंग, जुना जायरो यांचा खर्च किमतीतून कापून घ्या. तळाच्या आतल्या आडव्या-उभ्या फायबरच्या तुळयांमध्ये ओलावा, इंजिनाच्या बैठकीला तडे किंवा मागच्या भिंतीचा सुटलेला थर निघाला, तर मात्र नाव कितीही जुनं असो, बयाणा परत घ्या. त्यासाठी करारात आधीच लिहून ठेवा की कोरड्यातली तपासणी, समुद्रातली चाचणी आणि तेलाचा अहवाल हातात आल्यावर तुम्ही लेखी मान्यता देईपर्यंत रक्कम दलालाच्या वेगळ्या खात्यात राहील.