एकांडी माशी आणि रानातलं वारूळ: तुलना करायला बसण्याआधी

कीटकशास्त्राच्या पहिल्या प्रकल्पासाठी मी युरोपातल्या दोन जाती निवडल्या. एक म्हणजे ओस्मिया बायकॉर्निस ही एकांडी मधमाशी आणि दुसरी फॉर्मिका रुफा ही जंगलातली लाल मुंगी. दोघी एकाच गणातल्या, म्हणून दोघींसाठी एकच तक्ता आखला. आठवड्याभरात तो बाद झाला. ‘आयुष्य’ या रकान्यात मुंगीपुढे काय लिहायचं? कामकरीचं, की दहा वर्षांहून जास्त जगू शकणाऱ्या राणीचं?

मग मी तक्ता बाजूला ठेवून नुसती बघत बसले. पोकळ बोरूत घर करणारी माशी आधी डोक्याकडून आत शिरते आणि पोटातला मकरंद ओकते. बाहेर येते, वळते आणि आता उलट्या पावली आत जाते, पोटाखालच्या केसांत अडकलेले पराग झाडायला. पुरेसा साठा झाला की एक अंडं आणि पुढे चिखलाची भिंत. तिच्या मदतीला कोणी नाही.

वारुळाजवळ मात्र एकेका मुंगीकडे बघून फारसं काही कळेना. सुयांसारख्या पानांच्या त्या ढिगाऱ्यावर मी एक निळं फूल धरलं. मुंग्यांनी पोट वळवून फॉर्मिक आम्लाचा फवारा मारला आणि पाकळ्यांवर गुलाबी ठिपके उमटले. तिथे मला पटलं, की एका माशीसमोर एक मुंगी ठेवून चालणार नाही, अख्खं वारूळ ठेवायला हवं. माशी एकटीच राणीही असते आणि कामकरीही.

त्यानुसार मोजणी बदला. माशीच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्या आणि तिच्या फेऱ्या मोजा. मुंग्यांच्या वाटेवर एक रेघ ठरवा आणि मिनिटाला किती जणी ती ओलांडतात ते लिहा. माव्याचा गोड द्राव पिऊन झाडावरून उतरणाऱ्या मुंग्यांची पोटं फुगलेली दिसतात, त्या वेगळ्या मोजा. वारूळ उकरू नका, कुतूहल कितीही असलं तरी.

आणि सुरुवात माशीपासून करा. मुंग्या शरद ऋतूपर्यंत भेटतात, पण माशीचा हंगाम वसंतात सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. बोरूला चिखलाचं शेवटचं बूच बसलं की ती तारीख टिपून ठेवा. पुढच्या वसंतात आधी नर बाहेर येतील; त्यांच्या खोल्याही दाराजवळच असतात.