दाजीपूरला गव्याचे फोटो काढताय? मग या चुका टाळा

दाजीपूरहून, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी अभयारण्यातून, परत आलेल्या लोकांचा एक ठरलेला प्रश्न असतोय, की गवा एवढा समोर उभा होता, लेन्स पण भाड्यानं चांगली घेतलेली, मग फोटो असा राखाडी आणि हललेला का आला? आणि लगेच पुढचं वाक्य, आता सहाशे एमएमची लांब पल्ल्याची लेन्स घ्यायलाच पाहिजे. जरा थांबा मंडळी. लेन्सचा दोष फार कमी वेळा असतो, काळं जनावर आणि गर्द झाडी एकत्र आली की कॅमेरा ऑटोवर चुकतोच, आणि त्याला ते आपण सांगावं लागतं.

सगळ्यात मोठी चूक एक्स्पोजरची, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा त्याची. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोर जे असेल ते मधल्या राखाडी शेडचं आहे असं धरून चालतं. आता पूर्ण वाढलेला नर गवा म्हणजे तुकतुकीत काळा, आणि त्यानं अर्धी फ्रेम भरली की मीटरला वाटतं अंधार आहे, मग ते फोटो उजळ करतं. काळा रंग मळकट राखाडी होतो, आणि गव्याची जी खरी ओळख, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, ते पांढरेफटक होऊन त्यातलं डिटेल जातं. वर आणखी एक तोटा जो लई जणांच्या लक्षात येत नाही, की हा जास्तीचा उजेड मिळवायला कॅमेरा शटर (पडद्याची उघडझाप) हळू करतो किंवा आयएसओ (उजेड टिपायची ताकद) चढवतो, म्हणजे फोटो हलतो तरी नाहीतर दाणेदार होतो. म्हणून झाडीतला काळा गवा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ की गडद हे सांगायचं सेटिंग) मायनस ०.७ ते मायनस १ वर आणा, रंग पण सुधारतो आणि शटर पण फास्ट मिळतं, एका दगडात दोन पक्षी. आणि तोच गवा सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, आला, मागं वाळलेलं पिवळं गवत आणि आकाश, तर हिशोब बरोबर उलटा, आता मीटर मागच्या उजेडाला भुलतं आणि गवा नुसता काळा ठिपका होतो, तिथं प्लसमध्ये जावं लागतं. पाठीवरचा उंचवटा, खांद्याचे स्नायू, गळ्याखालची पोळी हे फोटोत दिसलं पाहिजे, ते नाही दिसलं तर सेटिंग बदला आणि परत काढा. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, चालू ठेवा, उन्हात स्क्रीनवर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका.

आता फोटो हलला म्हणजे नक्की काय झालं, हे घरी आल्यावर मोठा करून बघा, कारण प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. सगळी फ्रेमच सरकलेली असेल तर तुमचा हात हलला. झाडं शार्प आहेत आणि फक्त जनावर हललंय तर शटर कमी पडलं. गव्याच्या पुढचं गवत शार्प आणि डोळा मऊ, तर फोकस गवतावर बसला. आणि शटर १/१००० सेकंदावर असून पण काहीच शार्प नाही, फोटो दुपारचा आहे आणि जनावर लांब, तर ती तापलेल्या सड्यावरची हवा थरथरतेय, त्याला कुठलीही लेन्स काही करू शकत नाही, जवळचं जनावर शोधा नाहीतर ऊन उतरू दे.

हाताच्या थरथरीला साधा नियम, जेवढी फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला एमएमचा आकडा) तेवढं शटर, म्हणजे ४०० एमएमला १/४०० सेकंद. पण क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरच्या बॉडीवर ४०० ची लेन्स ६०० सारखी वागते म्हणजे १/६०० तरी पाहिजे. हाताची थरथर कमी करणारा स्टॅबिलायझर असेल आणि गवा शांत चरत असेल तर १/२५० वर पण चांगले फोटो येतात, चालता कळप असेल तर १/१००० च्या खाली येऊ नका. आयएसओ ३२०० गेला म्हणून घाबरू नका, दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सरळ करता येत नाही. जीपमध्ये ट्रायपॉडचा काही उपयोग नाही, एका कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरून तोंड शिवून घ्या आणि खिडकीवर ठेवून त्यावर लेन्स टेकवा, आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा. हे सांगायला लोक का लाजतात कळत नाही, इंजिन चालू असताना सगळी गाडीच थरथरत असते.

फोकससाठी सगळे पॉइंट चालू ठेवू नका, एकच पॉइंट घ्या आणि डोळ्यावर ठेवा. नवीन कॅमेऱ्यात प्राण्यांचा डोळा ओळखायची सोय असते पण कारवीच्या झुडपाआड काळ्या चेहऱ्यातला काळा डोळा तिला सापडेलच असं नाही.

वेळेची चूक तर आपल्या कोल्हापूरकरांची खास. पहाटे निघायचं ठरतं, मग वाटेत मिसळ, मग चहा, आणि दाजीपूरला पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं आणि गवे सावलीला आत गेलेले. ऐंशी किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, रस्ता घाटाकडं जातो, तेव्हा आदल्या रात्री राधानगरीला मुक्काम करणं सगळ्यात चांगलं, मिसळ परत येताना खा. अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे आणि गवे कुणाच्या सोयीनं उभे राहत नाहीत. पावसाळ्यात ते पर्यटकांसाठी बंद असतं हे पण बघून निघा.

शेकरू दिसलं की सगळे कॅमेरे वर आणि फोटोत पांढऱ्या आकाशावर एक काळी सावली. प्लस १ ते प्लस १.५ द्या, आणि शक्य असेल तर जागा बदलून मागं हिरवी पानं येतील असं बघा, मग त्याचा तो तांबूस-तपकिरी रंग आणि झुपकेदार शेपूट खरी दिसते. आपला राज्यप्राणी आहे तो, त्याला बिस्किट दाखवून खाली बोलवायचा प्रकार तर बंदच करा.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. नर गव्याचं वजन हजार किलोपर्यंत जातं. चरायचं थांबवून मान वर करून तुमच्याकडं टक लावून बघतोय, नाकातून फुर्र करतोय, किंवा अंग आडवं करून आपली उंची दाखवतोय, म्हणजे तुम्ही जास्त जवळ गेलाय. तिथं फोटो थांबवा आणि गाडी हळूच मागं घ्या. शिट्ट्या मारणं, दार आपटणं, मोबाईलसाठी खाली उतरणं, हे करणाऱ्याला गाडीतल्यांनीच अडवलं पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेल्या गव्यामागं माणसं लागली, तो पळून पळून दमला आणि पकडल्यानंतर मेला. गर्दीनं गव्याचं काय होतं हे आपण सगळ्यांनी बघितलंय. बिनधास्त चरत असलेला गवा फोटोत पण वेगळा दिसतो, कान सैल, मान खाली, बाजूला सोनेरी रंगाचं वासरू, आणि असा फोटो अंतर राखणाऱ्यालाच मिळतो.

राहिलं धुकं आणि धूळ. एसी गाडीतून कॅमेरा डायरेक्ट दमट हवेत काढला की काचेवर वाफ धरते आणि पुसली की परत येते, म्हणून पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा आणि कॅमेरा बॅगेतच राहू दे. लाल माती सेन्सरवर बसली की प्रत्येक फोटोत एकाच जागी डाग येतो, तेव्हा चालत्या जीपमध्ये लेन्स बदलू नका. मोठी लेन्स कॅमेऱ्यावरच ठेवा आणि जंगलाचे, सड्याचे फोटो मोबाईलवर काढा.