टाकीत पाणी किती? अल्ट्रासॉनिक सेन्सरने मोजा

अर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि चार जम्पर वायर एवढ्यात टाकीतल्या पाण्याची पातळी मोजता येते. सेन्सरचे दोन गोल डोळ्यांसारखे दिसतात खरे, पण त्यांतलं एक तोंड आहे आणि दुसरा कान. तोंड ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतं, कान पाण्यावरून परतलेला प्रतिध्वनी ऐकतो. आवाजाला जाऊन यायला लागलेल्या वेळेवरून पाण्यापर्यंतचं अंतर कळतं.

सेन्सरची व्हीसीसी (वीज घेणारी पिन) बोर्डाच्या ५ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, ट्रिग (आवाज सोडायला सांगणारी) ९ नंबरच्या पिनला आणि एको (प्रतिध्वनीचा वेळ सांगणारी) १० नंबरला जोडा. उनोऐवजी ईएसपी३२ बोर्ड वापरणार असाल तर एको थेट जोडू नका. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आणि एको देतो ५ व्होल्ट. एकोला १ किलोओहम, त्यापुढे ग्राउंडपर्यंत २ किलोओहम रेझिस्टर लावा आणि दोघांच्या मधल्या जोडातून वायर काढा.

प्रोग्राममध्ये ट्रिग १० मायक्रोसेकंद हाय (व्होल्टेज चालू) करून परत लो (बंद) करा. मग एको किती वेळ हाय राहतो ते पल्सइन या अर्डुइनोच्या तयार फंक्शनने मोजा. त्याला ३०,००० मायक्रोसेकंदांची मर्यादा द्या, नाहीतर वायर सुटली की प्रोग्राम प्रत्येक वेळी सेकंदभर अडकतो. शून्य आलं तर ते अंतर नव्हे, ते वाचन टाकून द्या.

आलेल्या वेळेला ५८ ने भागलं की सेंटिमीटर मिळतात. हा ५८ मात्र २० अंश सेल्सिअसचा, तेव्हा आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. ३५ अंशांना तो ३५२ च्या पुढे जातो. तेव्हाही ५८ च ठेवलात तर दोन मीटरचं अंतर चार-पाच सेंटिमीटरने कमी दिसेल, म्हणजे टाकीत पाणी आहे त्याहून जास्त वाटेल. उन्हाळ्यात ५७ धरा.

खरी गडबड होते ती सेन्सर बसवताना. तो टाकीच्या वरच्या बाजूला, भिंतीपासून आणि पाण्याच्या पाइपपासून लांब, अगदी सरळ खाली तोंड करून बसवा. तिरका बसला की पाण्याऐवजी भिंतीचा प्रतिध्वनी येतो. टाकीतल्या वाफेने एचसी-एसआर०४ लवकर गंजतो. चाचणी त्याच्यावर करा, पण कायमचा बसवायला जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक सेन्सर घ्या. त्याला २५ सेंटिमीटरच्या आतलं नीट कळत नाही, म्हणून टाकी भरल्यावरही तेवढी जागा वर मोकळी राहायला हवी.

पाणी चढत असताना पृष्ठभाग हलतो, आकडे उड्या मारतात. ६० मिलिसेकंदांच्या अंतराने पाच वाचनं घ्या, चढत्या क्रमाने लावून मधलं वापरा. सरासरी नको, एकच भलता आकडा ती बिघडवतो.

रिकाम्या टाकीचं अंतर वजा आत्ताचं अंतर, ही पाण्याची उंची. आतून १ मीटर व्यासाच्या सरळ गोल टाकीत दर सेंटिमीटरला सुमारे ७.८५ लिटर पाणी धरा.