ट्रिअर शहरातील रोमन वास्तू आणि चर्चे कशी पाहावीत

जर्मनीच्या पश्चिम टोकाला, मोझेल नदीच्या काठी, लक्झेंबर्गच्या सीमेजवळ ट्रिअर हे शहर आहे. येथील बऱ्याच रोमन वास्तू टिकून राहिल्या त्या पुढे चर्चच्या उपयोगात आल्यामुळे. म्हणून रोमन अवशेष एका दिवशी आणि चर्चे दुसऱ्या दिवशी, अशी विभागणी केल्यास हाती काहीच लागत नाही.

नागपूरहून निघण्यापूर्वी एकदा रामटेकच्या गडावर जाऊन यावे, असे मी आग्रहाने सुचवेन. तेथील वाकाटककालीन केवल नृसिंह मंदिर पाचव्या शतकातले असून त्यात आजही पूजा होते. वास्तू वापरात राहिली की तिची डागडुजी होते आणि तिच्यात भरही पडते, हे तेथे ध्यानात आले की ट्रिअरमधील भिंती वाचणे सोपे जाते.

सुरुवात पोर्टा निग्रा या नगरद्वारापासून करावी. इ.स. 170 च्या सुमाराचे हे द्वार वालुकाश्माच्या चिऱ्यांचे आहे. चुना न वापरता हे चिरे लोखंडी कड्यांनी आणि शिशाने सांधलेले होते. मध्ययुगात लोकांनी ते लोखंड उकरून नेले, त्याची भोके जागोजागी दिसतात. अर्धस्तंभ नीट घडवलेले नाहीत, कारण बांधकाम पूर्ण झालेच नाही. अकराव्या शतकात सिमेऑन नावाच्या साधूने येथे स्वतःला कोंडून घेतले आणि 1035 मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर या द्वाराचेच चर्च करण्यात आले. पुढे नेपोलियनने ते चर्च काढून टाकण्याचा आदेश दिला, तरी पूर्वेकडील अर्धगोल भाग राहिला. म्हणून केवळ समोरून छायाचित्र काढून परतू नये. पूर्वेच्या बाजूला वळसा घालावा आणि वर चढून भिंतींवरील चर्चकालीन कोरीव काम पाहावे.

तेथून कॅथेड्रलपर्यंत, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चपर्यंत, चालत जाता येते. आत शिरण्याची घाई न करता आधी उत्तरेकडील बाह्य भिंत न्याहाळावी, कारण चौथ्या शतकातील रोमन बांधकाम तेथे बऱ्याच उंचीपर्यंत टिकून आहे. दाराजवळ पडलेला ग्रॅनाइटचा खांब याच जुन्या इमारतीचा आहे. मद्यशाळा बांधतो आहोत असे सांगून लोकांनी सैतानाकडून खांब वाहून आणवले आणि फसवणूक कळताच त्याने हा फेकून मारला, अशी दंतकथा आहे. आपल्याकडे एका रात्रीत मंदिर उभारणाऱ्या भुतांच्या गोष्टींची तिच्याशी चांगली सोयरीक जुळेल. शेजारचे लीबफ्राउएन चर्च तेराव्या शतकातले, जर्मनीतील आरंभीच्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या शैलीतील, चर्चांपैकी आहे. त्याचा आराखडा फुलाच्या पाकळ्यांसारखा असल्याने मध्यभागी उभे राहून चौफेर पाहावे.

चर्चमध्ये पादत्राणे काढावी लागत नाहीत, मात्र पुरुषांनी टोपी काढावी. मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, चालू असताना पर्यटकांनी फिरू नये. रविवारची सकाळ त्यामुळे टाळलेलीच बरी.

यानंतर रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची बॅसिलिका पाहावी. सुमारे 67 मीटर लांब आणि 33 मीटर उंच असलेला हा सम्राटाचा दरबार 1856 पासून प्रोटेस्टंट चर्च आहे. दुसऱ्या महायुद्धात तो जळाला आणि पुन्हा उभारताना आतील भिंती उघड्या विटांच्याच ठेवण्यात आल्या. माझ्या मते हा निर्णय उत्तम होता. टोकाच्या अर्धगोलातील खिडक्या मुद्दाम लहान व खाली ठेवल्या असल्याने दरबार आहे त्याहून लांब भासतो. ही युक्ती पाहण्यासाठी दाराशीच थांबावे आणि नंतर पुढे चालत जाऊन ती कशी विरते तेही पाहावे.

शाही स्नानगृहे आणि अँफिथिएटर, म्हणजे झुंजी पाहण्याचे उघडे लंबगोल प्रेक्षागार, यांसाठी दुपार राखावी. स्नानगृहाच्या जमिनीखालील भुयारे सोडू नयेत. अँफिथिएटरला अर्धा तास पुरतो.

संध्याकाळी रोमन पुलाकडे जावे, पण पुलावर चढू नये, कारण वरून फक्त रहदारी दिसते. नदीकाठी उतरून खालचे खांब पाहावेत. सीताबर्डीची टेकडी ज्या जातीच्या काळ्या दगडाची आहे, त्याच बेसाल्टचे हे दुसऱ्या शतकातील खांब आजही मोटारींचा भार वाहत आहेत.