स्टोमा झाल्यावर: पिशवी, जेवण आणि इंदूरचा उन्हाळा

दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आधी एक काम स्वतःच्या हातांनी करा. नर्स शेजारी उभी असताना जुनी पिशवी काढा, स्टोमा (शी किंवा लघवी बाहेर पडायला पोटावर केलेलं तोंड) पुसा, मापा आणि नवी पिशवी लावा. मुलीने मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला असेल, यजमान म्हणत असतील "मी आहे ना", तरीही. घरी आल्यावर मध्यरात्री पिशवी सुटली की सगळे घाबरतात, आणि ज्याच्या हातांनी हे एकदा केलेलं असतं तोच शांत राहतो.

मी इंदूरला सुदामानगरात राहते. गुदाशयाच्या कॅन्सरमुळे मला कायमची कोलोस्टॉमी आहे. माझ्या भाच्याचं आतडं टायफॉइडमध्ये फुटलं, तेव्हा त्याला काही महिने इलिओस्टॉमी होती. म्हणून दोन्ही प्रकार घरातच पाहिले. आता ओळखीतून कुणी बोलावलं की नव्या पेशंटला भेटायला जाते. बहुतेक घरी बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली असते आणि सून श्वास रोखून पिशवी बदलत असते. मी आधी बाईंना उठवून बसवते आणि हातात आरसा देते.

आरशात दिसतं ते तुमचं आतडंच आहे, पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून कडेने शिवलेलं. रंग लाल किंवा गडद गुलाबी, ओलसर, गालाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला हात लावला तर दुखत नाही, कारण तिथे वेदना कळवणाऱ्या नसा नाहीत. पुसताना कापडावर रक्ताचा ठिपका आला तरी घाबरायचं कारण नाही. स्टोमा मोठ्या आतड्यापासून काढला तर कोलोस्टॉमी. ती बहुधा डाव्या बाजूला, आणि शी बऱ्यापैकी घट्ट. लहान आतड्यापासून काढला तर इलिओस्टॉमी. बहुधा उजवीकडे, पातळ आणि दिवसभर थोडी थोडी. मूत्राशय काढलेल्यांना लघवीसाठी स्टोमा करतात, त्याला यूरोस्टॉमी म्हणतात. ती पिशवी वरचेवर रिकामी करावी लागते, आणि रात्री नळीने मोठी पिशवी जोडली की झोपमोड होत नाही.

आपल्याच वाट्याला हे आलं, असं प्रत्येकाला वाटतं. अमेरिकेत 7 लाख 25 हजार ते 10 लाख माणसं स्टोमासह जगतात असा तिथला अंदाज आहे, आणि दरवर्षी सुमारे 1 लाख शस्त्रक्रिया होतात. कारणं पुष्कळ: मोठ्या आतड्याचा कॅन्सर, अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्याला सूज आणणारे आजार, अपघात. आपल्याकडे त्यात टायफॉइड आणि टीबीने आतड्याला पडणारी छिद्रं आली. साधारण 5 हजारांत एक बाळ गुदद्वाराच्या जन्मजात दोषासह जन्मतं. त्यातल्या अनेकांना पहिल्या काही दिवसांतच कोलोस्टॉमी करतात आणि पुढे दुरुस्ती झाली की ती बंद करतात. मोठ्यांमध्येही बरेच स्टोमा तात्पुरते असतात, काही महिन्यांनी आतडं परत जोडतात. इथल्या सानंद संस्थेच्या नाटकाला तुमच्या शेजारी बसलेल्या बाईंच्या साडीखाली पिशवी असू शकते. मी जाते ना, फक्त कडेची खुर्ची मागते.

पिशवी बदलणं

सकाळी, चहाच्याही आधी बदला. रिकाम्या पोटी आतडं शांत असतं. आधी सगळं सामान मांडा: कोमट पाणी, मऊ सुती कापड, मापाचा कागद, बाकदार कात्री, नवी प्लेट (कातडीला चिकटणारी चकती, तिच्यावर पिशवी बसते), नवी पिशवी, जुनं वर्तमानपत्र. अर्धं काम झाल्यावर कात्री शोधायला उठावं लागलं तर सगळीकडे डाग पडतात.

प्लेट ओढून काढू नका. एका हाताने कातडी दाबा आणि दुसऱ्या हाताने प्लेट वरून खाली हळूहळू सोडवा. मग कोमट पाण्याने पुसा. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट काहीही लावायचं नाही. खोबरेल तेल आणि टाल्कम पावडरही नाही, कारण तेलकट किंवा भुरभुरीत कातडीवर प्लेट धरत नाही. आपल्या घरांत "थोडं तेल लाव, कातडी मऊ राहील" असं प्रेमाने सांगणारं कुणीतरी असतंच. त्यांना प्रेमानेच नाही म्हणा. केस असतील तर ट्रिमरने कापा. कातडी पूर्ण कोरडी होऊ द्या.

आता माप. सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. स्टोमाभोवती कागदाचं माप धरा आणि प्लेटचं भोक त्याहून 2 ते 3 मिलिमीटर मोठं कापा. जास्त मोठं कापलं तर उघड्या कातडीवर शी लागून ती सोलवटते. इलिओस्टॉमीत पाचक रस असल्याने काही तासांतच आग होते. लहान कापलं तर कड स्टोमाला घासते. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो आणि 6 ते 8 आठवडे आकसत जातो. म्हणून तेवढे दिवस दर आठवड्याला मापा. दवाखान्यात कापून दिलेलं पहिलं माप महिनाभर चालवणारी बरीच घरं मी पाहिली आहेत, आणि तिथे कातडी लाल होतीच. स्टोमा लांबट असेल तर भोकही लांबट कापा.

प्लेट दोन तळव्यांत धरून गरम करा, लावा, आणि वरून तळहात ठेवून काही मिनिटं दाबून बसा. ऊब लागली की ती घट्ट बसते. पोटाला घडी किंवा खळगा असेल तर तिथे पेस्ट भरा. पेस्ट ही खळगा बुजवायला असते, चिकटवायला नव्हे, त्यामुळे थोडी पुरते. कातडी ओलसर आणि सोलवटलेली असेल तर स्टोमा पावडर भुरभुरवा, जास्तीची झटका, मग प्लेट लावा.

एक प्लेट साधारण तीन-चार दिवस टिकते. काढलेली प्लेट उलटी करून बघायची सवय लावा: शी कुठल्या बाजूने आत शिरली ते मागे दिसतं, आणि पुढच्या वेळी त्याच बाजूला पेस्ट हवी हे कळतं. खाज किंवा आग सुरू झाली तर प्लेट कालच लावलेली असली तरी आज बदला. गळतीवर चिकटपट्टी मारून लग्नकार्य उरकायचा मोह होतो, पण पट्टीखाली कातडी जळत राहते.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. अर्ध्याच्या पुढे गेली की वजनाने प्लेट सुटते. कमोडमध्ये आधी थोडा टिश्यू टाकला की शिंतोडे उडत नाहीत. देशी संडास असेल तर समोर बुटकं स्टूल टाकून बसा, उकिडवं बसायची गरज नाही. वास फक्त रिकामी करताना येतो. एरवी आला तर कुठेतरी गळतंय असं समजून बघा.

वापरलेली पिशवी संडासात टाकायची नाही, पाइप तुंबतो. रिकामी करा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि सॅनिटरी कचऱ्यात टाका. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिळवत आलेल्या आपल्या शहराचा इथे फायदा आहे: घरासमोर येणाऱ्या कचरागाडीत डायपर-पॅडसाठी वेगळा कप्पा असतो. पुडकं त्यातच जातं, कुणी विचारत नाही.

पिशव्या दवा बाजारात मिळतात. नुसतं "स्टोमाची पिशवी द्या" म्हणू नका. खोक्यावरचा कोड आणि प्लेटचं मिलिमीटरमधलं माप फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कारण प्लेट आणि पिशवी वेगळी असलेल्या दोन तुकड्यांच्या प्रकारात एका मापाची प्लेट दुसऱ्या मापाच्या पिशवीला बसत नाही. ही चिकटणारी पिशवी आली ती डेन्मार्कच्या एलिझ सोरेन्सन या नर्समुळे. बहिणीला स्टोमा झाल्यावर ती घराबाहेर पडायला घाबरायची, म्हणून 1954 मध्ये एलिझला ही कल्पना सुचली. पिशवी लावताना मला त्या दोघी बहिणी पुष्कळदा आठवतात.

साडी आणि देवघर

शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल तर डॉक्टरांना स्टोमाची जागा आधी पेनाने आखायला सांगा. तुम्ही बसून, उभं राहून, वाकून दाखवा, आणि परकराची नाडी जिथे बांधता तिथेच बांधून जा. नाडीच्या रेषेवर किंवा पोटाच्या घडीत स्टोमा आला तर रोजचा त्रास होतो. झालाच असेल तर नाडीऐवजी रुंद इलॅस्टिकचा परकर शिवून घ्या. पुरुषांनी पट्ट्याऐवजी गॅलिस वापरावेत.

देवघराबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला वर्षानुवर्षं स्वतः उभ्या राहिलेल्या आज्या स्टोमा झाल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसतात, सोवळं मोडेल म्हणून. पिशवी पूर्ण बंद असते. प्रत्येकाच्या पोटात जे असतं तेच तुमच्या पोटाबाहेर बंद पिशवीत आहे. अंघोळ करा (पिशवीसकट किंवा काढूनही करता येते, पाणी आत जात नाही), पिशवी रिकामी करा, आणि पुरणाला हात घाला. घरातल्या मोठ्यांनी हे आपणहून म्हणावं. आजी स्वतः विचारणार नाहीत.

जेवण आणि मे महिना

पहिले 6 आठवडे मऊ भात, वरण, दही, केळं, सुजीची खीर. नंतर एकेक पदार्थ थोडा थोडा करून परत आणा. कोलोस्टॉमीवाल्यांना पुढे जवळपास सगळं चालतं. फक्त मुळा, कोबी, कांदा, अंडी यांनी वायू आणि वास वाढतो, तेव्हा बाहेर जायच्या आदल्या दिवशी टाळा. ताकाने बऱ्याच जणांना वास कमी होतो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. डाव्या बाजूची कायमची कोलोस्टॉमी असेल तर स्टोमातून पाणी घालून आतडं धुण्याची पद्धत डॉक्टरांकडून शिकता येते. जमलं तर एक-दोन दिवस पिशवीत काही येत नाही.

इलिओस्टॉमीवाल्यांनी मात्र सांभाळायचं. मका, ओलं-सुकं खोबरं, शेंगदाणे, मशरूम, संत्र्याची साल-तंतू स्टोमाच्या तोंडाशी अडकू शकतात. इंदुरात राहून सराफ्यातला भुट्ट्याचा कीस सोडायचा म्हणजे भाच्याला शिक्षा वाटली, पण स्टोमा बंद होईपर्यंत त्याने पाळलं. पोहे चालले, वरचं खोबरं काढून. गराडू (तळलेला कंद) आणि मसालेदार शेव थोडी, खूप चावून. पातळ होत असेल तर केळं, मऊ भात, साबुदाण्याची खीर याने घट्ट येतं. आवरण असलेल्या गोळ्या न विरघळता तशाच पिशवीत येऊ शकतात, म्हणून कुठलंही नवं औषध देताना डॉक्टरांना इलिओस्टॉमीची आठवण करून द्या. रेचक घेऊ नका.

मे महिन्यात इथे पारा 40 अंशांच्या वर जातो. इलिओस्टॉमीतून रोज साधारण 500 ते 800 मिली बाहेर पडतं आणि त्याबरोबर मीठही जातं. घामानेही जातं. अशा वेळी नुसतं साधं पाणी ढसाढसा पिऊन भागत नाही, उलट पिशवी आणखी पातळ भरते. ओआरएसचं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात घालून घोटघोट प्या. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि 6 चमचे साखर, चमचा चहाचा, सपाट. रसना आणि कोल्ड्रिंक यांनी काम बिघडतं. प्लेटचे खोके गच्चीवरच्या खोलीत किंवा गाडीत ठेवू नका, चिकट थर वितळतो. उन्हाळ्यात प्लेट एक दिवस आधीच बदला.

प्रवासात लागतील त्याच्या दुप्पट पिशव्या हातातल्या बॅगेत ठेवा. विमानात कात्री नेऊ देत नाहीत, तेव्हा प्लेटा घरूनच कापून न्या. पहिले तीन महिने भरलेली बादली किंवा नातवंड उचलू नका. स्टोमाशेजारी हर्निया होतो.

ताबडतोब दवाखाना

स्टोमा जांभळा किंवा काळा दिसला. रक्त दाबूनही थांबत नाही. इलिओस्टॉमीतून चार ते सहा तास काहीच आलं नाही आणि पोटात कळा, उलट्या. दिवसाला दीड लिटरहून जास्त पातळ जातंय, लघवी कमी झालीय, पायात गोळे येतायत. यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. रात्रपाळीच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात स्टोमा कुठला आणि कधीचा ते सांगा, शस्त्रक्रियेचा कागद पुढे करा, आणि एक प्लेट व एक पिशवी सोबत न्या. रात्री तिथे तुमच्या मापाची मिळेलच असं नाही.