मोठ्या जातीचं टाकलेलं पिल्लू घरी आणलंत? मग आधी हात आखडता घ्या

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात माझी पिठाची चक्की आहे. नागपूर-हैदराबाद हायवे जवळून जातो, त्यामुळे गाडीतून आणून सोडलेली कुत्री आमच्या भागाला नवी नाहीत. पूर्वी ती गावठी असायची. आता जामच्या चौरस्त्याकडे एखाद्या ढाब्यापाशी जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, कधी ग्रेट डेनसुद्धा भांबावून उभं दिसतं. मांडीवर मावतं तोवर हौस असते. खाणं वाढलं, अंगाला खाज सुटली, की गाडीचं दार उघडून खाली उतरवून द्यायचं. प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, पण गाडीचा नंबर टिपायला तिथे कोण थांबलंय!

माझी भुरी अशीच आली. आईबाप ठाऊक नाहीत, पण डॉक्टर म्हणतात ग्रेट डेनचा अंश भरपूर आहे. तिच्या आधी एक शेफर्ड सांभाळला. त्यामुळे दळणाला येणारे लोक आता पिठासोबत कुत्र्याचा सल्लाही घेऊन जातात. तोच इथे एकदा सविस्तर लिहिते.

आणण्याआधी

पिल्लू मोठ्या जातीचं आहे का, हे पंजावरून कळतं. अंग लहान आणि पंजे, गुडघे भलतेच जाड, कातडी सैल, तर ते मोठं होणार असं समजा. वयाचा अंदाज दातांवरून. सुईसारखे टोकदार दुधाचे दात सगळे असतील तर दोन महिन्यांच्या आसपासचं, पुढचे दात पडून रुंद दात येत असतील तर साधारण चार महिन्यांचं, सुळे बदलत असतील तर पाच-सहा महिन्यांचं. हे डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या, कारण लस आणि खाणं दोन्ही वयावर ठरतं.

पिल्लू हरवलेलंही असू शकतं. फोटो तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, गळ्यात पट्टा आहे का बघा, आजूबाजूच्या ढाब्यांवर विचारा. मग घरात बसून हिशोब मांडा. लॅब्राडोर तीस-पस्तीस किलोचा होतो, शेफर्ड तीस-चाळीस, ग्रेट डेन पन्नासच्या पुढे जातो. हे जनावर आठ-दहा वर्षं खाणार. कापसाचे पैसे आले की बघू, या हिशोबावर ते पोसलं जात नाही. जमणार नसेल तर तसं स्पष्ट बोला आणि वर्ध्याच्या करुणाश्रमासारख्या ठिकाणी विचारा. सहा महिने ठेवून पुन्हा हायवेवर सोडण्यापेक्षा ते कधीही बरं.

पहिला आठवडा

आल्या आल्या आंघोळ घालू नका. आधी हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक. पांढुरक्या असतील तर बहुधा पोटात जंत किंवा अंगावर गोचिडं रक्त पीत आहेत, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा, ती लगेच खाली बसली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय.

घरात दुसरं कुत्रं असेल तर निदान दोन आठवडे वेगळं ठेवा. भीती पार्व्होची. रक्ताचा घाण वासाचा जुलाब, उलट्या, मलूल पडणं ही लक्षणं. लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं, म्हणून सलाईन लवकर लागलं पाहिजे. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि आपल्या रोजच्या फिनाईलने मरत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, हे फरशीवर दहा मिनिटं राहू द्यावं लागतं. शेणाने सारवलेल्या अंगणात मात्र ब्लीचही निकामी होतं. म्हणून नवं पिल्लू सुरुवातीला धुता येईल अशा फरशीवरच ठेवायचं.

जंताचं औषध वजनावर ठरतं, अंदाजावर नाही. चक्कीचा काटा माझ्या कामी येतो. टोपलीत पोतं अंथरायचं, काटा शून्यावर आणायचा, पिल्लू ठेवायचं. काटा नसेल तर कृषी केंद्रात किंवा किराणा दुकानात कुणी नाही म्हणत नाही. तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला औषध, असं आमचे डॉक्टर देतात.

लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत द्यायच्या असतात. रेबीजची लस तीन महिन्यांना, पुढे डॉक्टर सांगतील तसा डोस आणि दरवर्षी. गावाकडच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशींचं. कुत्र्याची सात रोगांवरची लस तिथे असेलच असं नाही, आधी फोन करा. बाहेरून आणायची तर बर्फाच्या डब्यात आणा. लसीला २ ते ८ अंश तापमान लागतं. मे महिन्यात डिक्कीत तासभर राहिलेली लस टोचून उपयोग नाही.

बोर, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला या वाघांच्या जंगलांच्या कडेच्या गावांत तर लस चुकवूच नका. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा रोग वाघ-बिबट्यांनाही होतो.

खाणं, म्हणजे मुख्य मुद्दा

बरगड्या मोजता येतील असं पिल्लू दिसलं की अख्ख्या गावाला पाझर फुटतो. कुणी दूध-पोळी आणतं, कुणी मटणाची हाडं, कुणी लग्नातला उरलेला बुंदीचा लाडू. शेजारच्या आजी तर रोज दारातून ओरडायच्या, "काहून वं, लेकराले उपाशी मारते काय!" त्यांना मी चहा पाजायची आणि भुरीचं भांडं उचलून आत न्यायची.

याला कारण आहे. उपाशी राहिलेल्या पोटात एकदम भरपूर ढकललं तर जुलाब लागतातच, पण रक्तातले क्षार बिघडून जीवही जाऊ शकतो. म्हणून पहिले काही दिवस मऊ भात आणि उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे, थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण अजिबात नाही. त्यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेटही वर्ज्य. दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, थोडं ताक चालतं. शिजवलेली हाडं टोकदार फुटून आतडं फाडतात, ती उकिरड्यावरही टाकू नका, कारण पिल्लू तिथून उकरून आणेल.

पोट स्थिर झालं की दुसरा मोह सुरू होतो, गेलेले दिवस भरून काढायचा. इथे लहान आणि मोठ्या जातीत फरक आहे. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतः अर्ध्या-पाऊण किलोचं असतं आणि वर्षभरात पन्नास किलोच्या आसपास जातं. जास्त खाऊ घातलं तर त्याची अखेरची उंची वाढत नाही, ते फक्त लवकर वाढतं. वजन आधी येतं आणि कोवळे सांधे मागे राहतात. मग खुब्याचा सांधा सैल पडतो, खांद्याची कूर्चा उखडते, दीड वर्षाचं कुत्रं उठताना कण्हतं. खुब्याचा दोष आईबापांकडून येतो हे खरं, पण तो किती छळेल हे बरंचसं ताटावर असतं.

म्हणून पिल्लू सडपातळच ठेवायचं. तळहात बरगड्यांवरून हलका फिरवा. न दाबता बरगड्या बोटाला लागल्या पाहिजेत, पण लांबून उठून दिसायला नकोत. वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. मी दर रविवारी चक्की बंद असताना वजन करून उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायची. वजन हळूहळू आणि सारखं चढलं पाहिजे, उड्या मारत नाही.

जमत असेल तर पाकिटावर ‘मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी’ असं लिहिलेलं खाद्य द्या. त्यात कॅल्शियम बेतानं असतं. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: गाईची कॅल्शियमची बाटली त्याच्यापासून लांब ठेवा. आमच्याकडे प्रत्येक गोठ्यात ती असते, खनिज मिश्रणाची पिशवीही असते, आणि ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून लोक पिल्लाला झाकणभर पाजतात. लहान पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम नाकारू शकत नाही, जेवढं आलं तेवढं बरंचसं आत घेतं. त्याने हाडांची वाढ बिघडते. पुढचे पाय वाकडे दिसू लागतात, की घाबरून आणखी कॅल्शियम. घरचंच जेवण देणार असाल तर गोष्ट उलटी: नुसत्या भाकर-वरण-कोंबडीत कॅल्शियम कमी पडतं. तेव्हा किती द्यायचं ते वजन सांगून डॉक्टरांकडून लिहून घ्या, स्वतःच्या मनाने नाही.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे कायम दोनदा. दहा-पंधरा मिनिटांनी भांडं उचलायचं.

पाय जपा

मोठ्या जातीच्या हाडांची टोकं दीड वर्षापर्यंत कोवळी असतात, फार मोठ्या जातींत त्याहून जास्त काळ. तोवर जिने नकोत, ट्रॉलीतून उडी नको. गावातली पोरं मोटरसायकलमागे कुत्रं पळवतात, ते तर बिलकुल नको. स्वतःच्या मर्जीने मातीत खेळू द्या, दमलं की ते आपणच बसतं. गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात, तिथे तरटाची पोती अंथरा. पीठ सांडलेली फरशी त्याहून वाईट, म्हणून भुरीला चक्कीत येऊच दिलं नाही. चक्कीच्या पट्ट्याचा आवाजही लहान कानांना सोसत नाही.

उन्हाळा आणि शेत

आमच्याकडे पारा ४५च्या वर जातो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळपायाला, बाकी सगळं धापा टाकून. टिनाच्या शेडखाली दुपारी बांधलेलं कुत्रं मरतं. कडुनिंबाची सावली, ओलं गोणपाट, मातीच्या कुंड्यात पाणी, आणि नवतपात सरळ घरात कूलरपुढे. फिरायला पहाटे आणि अंधार पडल्यावर. रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पायही भाजतील. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४च्या वर गेलं, जीभ गडद लाल झाली, चाल झोकांड्या खाऊ लागली, तर साधं गार पाणी अंगभर ओतत पंख्याचा वारा द्या आणि तसंच ओलं घेऊन दवाखान्याकडे निघा.

शेतात नेणार असाल तर सरकीची ढेप झाकून ठेवा. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. बैल ते बऱ्यापैकी पचवतो, कुत्र्याचं हृदय मात्र रोज थोडं थोडं खाऊनही निकामी होऊ शकतं. बुरशी आलेली मक्याची किंवा शेंगदाण्याची पेंड यकृत जाळते. थिमेट, उंदराचं औषध, फवारणीचे रिकामे डबे पिल्लू चघळतंच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्या औषधांपुढे पिल्लाचा काय पाड. फवारलेल्या कपाशीत ते शिरलं तर साबणाने धुवा, नाहीतर अंग चाटून विष पोटात जाईल. रानडुकरासाठी कुणी कुंपणात जिवंत तार सोडत असेल तर त्या बांधाला जाऊच नका. आणि रात्री अंगणात बांधून ठेवू नका. बिबट्याला साखळीतलं कुत्रं आयतं मिळतं.

गोचिडांसाठी जनावरांचं औषध तसंच चोपडू नका. आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनचंही तेच. कोली जातीच्या आणि काही शेफर्ड कुत्र्यांत ते मेंदूपर्यंत पोचतं. कुत्र्याची गोळी वेगळी मिळते.

वळण

टाकलेलं पिल्लू घाबरलेलं असतं. त्याला ओढून काढू नका, पाठमोरं बसून हातातून खाद्याचे दाणे द्या, येईल. चार महिन्यांच्या आत माणसं, बैल, ट्रॅक्टर, पावसाचा आवाज सगळं लांबून दाखवून ठेवा. दात लावू लागलं की खेळ थांबवून उठायचं. आज गोड वाटणारा चावा उद्या चाळीस किलोचा असतो. पोरांना पाठीवर बसू देऊ नका. पिल्लू लसीचं असलं तरी कुणाला दात लागले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचंच. नसबंदी मोठ्या जातीत वाढ पूर्ण होत आल्यावर करतात, घाई नको.

एक गोष्ट रात्री-बेरात्रीसाठी. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याचं पोट हवेने फुगून त्याला पिळा पडू शकतो. ओकायला बघतं पण काही पडत नाही, लाळ गळते, पोट ढोलासारखं वाजतं. यावर घरगुती उपाय नाही, काही तासांत ऑपरेशन लागतं. म्हणून जेवणानंतर तासभर पळापळ नको. गावात मदतीसाठी १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर फोन करता येतो, पण ऑपरेशनची सोय नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेत विचारून ठेवा, शहरातल्या खाजगी डॉक्टरांचा नंबरही घ्या. आणि गावातल्या गाडीवाल्याशी आजच बोला, कारण रात्री दोन वाजता मागच्या सीटवर पन्नास किलोचं कुत्रं चालेल का, हे तेव्हा विचारत बसायला वेळ नसतो.